बाबांच्या सांभाळाचं खातेवाटप

तीन वर्षांपूर्वी मी दोन दिवसांसाठी बाहेरगावी गेले आणि त्या दोन दिवसांत धाकट्या भावाचे मला सतरा फोन आले. दुपारची गोळी जेवणाआधी की नंतर? वॉकर दारात अडकला की तू काय करतेस? रात्री उठले की मोठा दिवा लावायचा का? पोट शेवटचं कधी साफ झालं होतं? त्याच्यावर चिडावं असं त्यात काहीच नव्हतं, तो मनापासून करत होता. पण बाबांबद्दलची सगळी माहिती एकाच ठिकाणी साठलेली होती, आणि ते ठिकाण म्हणजे माझं डोकं.

बाबा तेव्हा ८१ वर्षांचे होते. पार्किन्सन्सचं, म्हणजे हालचाली हळूहळू मंदावणाऱ्या मेंदूच्या आजाराचं, निदान होऊन सहा वर्षं झाली होती. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच आहेत. दादा रात्रभराच्या प्रवासावर राहतो, धाकटा वीस मिनिटांवर. दोघांचाही बाबांवर जीव, आणि दोघंही मला नेहमी म्हणायचे, "काही लागलं तर सांग." या वाक्यानंच मी मेटाकुटीला आले होते. काय लागतंय ते ओळखायचं, लक्षात ठेवायचं, कुणाला तरी सांगायचं आणि झालं का म्हणून पुन्हा विचारायचं, हे सगळं माझ्याकडेच राहायचं. दोघं कामं करायचे, पण कामाची आठवण ठेवायचं काम एकटीचं होतं. माझ्या मते घरात सगळ्यात जास्त दमवणारं काम तेच. म्हणून वाटायचं असेल तर आधी ते वाटा.

आठ दिवस फक्त लिहा

भावंडांना एकत्र बसवण्याआधी आठ दिवस एक वही हाताशी ठेवा आणि जे जे कराल ते वेळेसकट लिहा. कितीही किरकोळ असो. चष्मा पुसला, श्रवणयंत्रातली बॅटरी बदलली, रात्री २:४० ला उठवलं, डॉक्टरांच्या दवाखान्यात तीनदा फोन लावला, चौथ्यांदा लागला. माझी अकरा पानं भरली. ती वाचून धाकटा बराच वेळ काही बोललाच नाही. मी वर्षभर "दमते रे" म्हणत होते त्यानं जे झालं नव्हतं, ते त्या पानांनी केलं.

मग ही जंत्री लावायची कशी, हा प्रश्न आला. बाबांच्या फिजिओथेरपिस्टनी मला दोन जुन्या याद्या दाखवल्या, त्यांचा फार उपयोग झाला. पहिली १९६३ सालची, सिडनी कॅट्झ या डॉक्टरांची. त्यात सहाच गोष्टी आहेत: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, उठबस, लघवी-शौचावर ताबा आणि हातानं जेवणं. दुसरी १९६९ची, लॉटन आणि ब्रॉडी यांची. त्यात आठ: फोन करणं, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशाचे व्यवहार. आपल्या माणसाला यातलं काय स्वतः जमतं, कशात आधार लागतो आणि काय पूर्ण दुसऱ्यानं करावं लागतं, एवढं प्रत्येकापुढे लिहायचं.

लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की पहिल्या यादीतली सहाही कामं माणूस समोर असल्याशिवाय होत नाहीत. दुसऱ्या यादीतली निम्मी मात्र लांबूनही होतात. दादा "मी इतक्या लांबून काय करणार" म्हणायचा, त्याचं उत्तर त्या कागदावर होतं.

बैठकीला बाबा हवेतच

आम्ही पहिल्यांदा बाबांना वगळूनच बोललो, आणि ते चुकलं. शेजारच्या खोलीत त्यांना सगळं ऐकू येत होतं. दुसऱ्या वेळी त्यांना मध्ये बसवलं आणि विचारलं की तुम्हाला काय दुसऱ्यानं केलेलं चालेल आणि काय अजिबात चालणार नाही. पार्किन्सन्समध्ये आवाज बारीक होतो, बोलायला वेळ लागतो, त्यामुळे आम्हाला थांबावं लागलं. ते म्हणाले, "अंघोळीला मुलगी नको. आणि दाढी माझी मी करणार."

अंघोळीचं मला कधी सुचलंच नव्हतं. वर्षभर मी त्यांना अंघोळ घालत होते आणि ते वर्षभर मान खाली घालून बसायचे. ते खातं त्या दिवशी धाकट्याकडे गेलं. तो आठवड्यातून तीनदा सकाळी येतो, एरवी पगारी मदतनीस येतात, त्यांना आम्ही मदतनीस दादा म्हणतो. दाढीला त्यांना चाळीस मिनिटं लागतात. सेफ्टी रेझर काढून इलेक्ट्रिक शेव्हर आणला, आरसा टेबलावर बसवला, कोपर टेकायला उशी ठेवली. ती चाळीस मिनिटं आमच्या वेळापत्रकात रीतसर धरलेली आहेत. त्यांना जे जमतं ते घाईघाईनं आपण उरकून टाकलं, तर काही महिन्यांत ते त्यांना जमेनासं होतं. हे मी आईच्या वेळी पाहिलं आहे, म्हणून इतकं ठासून सांगते.

काम देऊ नका, खातं द्या

मंत्रिमंडळाचं खातेवाटप होतं तसं आम्ही केलं. खातं ज्याचं, त्यातला विचार, आठवण, फोन, खर्चाची नोंद आणि निर्णय सगळं त्याचं. बाकीचे हातभार लावतील, पण त्याला आठवण करून देणार नाहीत. "औषधं आण" हे काम झालं. "औषधांचं खातं तुझं" म्हटलं की गोळ्या किती उरल्या हे मला माहीत असण्याची गरजच संपते.

औषधांचं खातं दादाकडे आहे. आधी मला ते अशक्य वाटलं होतं. आता दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मी किंवा मदतनीस दादा आठवड्याचा डबा भरतो आणि तो समोर यादी धरून मोजतो. दहा दिवसांचा साठा उरला की नवीन मागवणं त्याच्याकडे. चिठ्ठीत बदल झाला की त्याच दिवशी नवी यादी करून सगळ्यांना पाठवणंही त्याचंच, आणि जुनी यादी फाडायला सांगणंही. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्याच्याकडे जमा होतात. तपासणीच्या दिवशी तो फोनवर असतो, मी फक्त बाबांना घेऊन जाते.

पार्किन्सन्समध्ये हे खातं किती नाजूक आहे ते सांगते. लेव्होडोपाची, म्हणजे या आजारावरच्या मुख्य औषधाची, गोळी अर्धा-पाऊण तास उशिरा झाली की बाबांना खुर्चीतून उठता येत नाही. शिवाय जेवणातली प्रथिनं आणि हे औषध आतड्यातून रक्तात जाताना एकाच वाटेवर गर्दी करतात, म्हणून आमच्या डॉक्टरांनी ती जेवणाच्या किमान अर्धा तास आधी द्यायला सांगितली आहे. "दुपारची गोळी" असं आमच्या यादीत कुठेच नाही. साडेअकरा म्हणजे साडेअकरा. घरातल्या तीन फोनांवर गजर आहेत, आणि ज्यानं गोळी दिली त्यानं गटावर फक्त वेळ टाकायची. त्यामुळे दोनदा दिली गेली किंवा दोघांनाही वाटलं की दुसऱ्यानं दिली असेल, असं होत नाही. ही गोळी अचानक बंदही करायची नसते, त्यातून गंभीर धोका होऊ शकतो. हे सांभाळणाऱ्या प्रत्येकाला, अगदी दोन तासांसाठी आलेल्यालाही, माहीत असायला हवं.

आम्हाला याची किंमत एकदा मोजावी लागली आहे. छातीतल्या संसर्गासाठी बाबांना दाखल केलं होतं. तिथे सगळ्यांची औषधं ठरलेल्या फेरीत दिली जात, तशीच यांचीही दिली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांना कुशीवरही वळता येईना आणि सगळे संसर्गालाच दोष देत होते. तेव्हापासून घराच्या दाराआड एक कागद लावलेला आहे. वरच्या भागात गोळ्यांची नावं आणि मिनिटासकट वेळा, खाली ठळक अक्षरांत न चालणारी औषधं. मळमळीसाठी सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रामाइड आणि भ्रमासाठी दिलं जाणारं हॅलोपेरिडॉल पार्किन्सन्सच्या रुग्णाला त्रास वाढवतात, कारण ती डोपामिनचाच, म्हणजे या आजारात मेंदूत कमी पडणाऱ्या रसायनाचाच, मार्ग अडवतात. त्याखाली दोन ओळी, एरवी बाबा कसे असतात याच्या: आधारानं चालतात, हळू बोलतात, पण तारीख-वार बरोबर सांगतात. ही शेवटची ओळ फार कामाची आहे. नव्या डॉक्टरांना समोरचा गोंधळलेला म्हातारा नेहमीच असा असेल असं वाटू शकतं. एक-दोन दिवसांत अचानक बडबड, भास किंवा गुंगी आली तर ते वय झाल्याचं लक्षण समजू नका. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता किंवा एखादं नवं औषध, यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

बाकीची खाती थोडक्यात. बँक, विमा, बिलं आणि कागदपत्रांची फाईल दादाकडे. अंघोळ, पायाची नखं, वॉकर आणि घरातली दुरुस्ती धाकट्याकडे. संडासात आधाराचा दांडा, रात्रभर जळणारा छोटा दिवा, बाहेर उघडणारं न्हाणीघराचं दार हे सगळं त्यानं स्वतःहून केलं, कारण आता ते त्याचं खातं होतं. जेवण, कपडे आणि दिवसाची उठबस माझ्याकडे. वहिनी आणि माझे यजमान यांना आम्ही खातं दिलं नाही. आधी आम्ही तिघं, मग ज्याला जे आवडीनं करायचं ते त्यानं मागून घ्यावं, असं ठरलं. वहिनीनं रोज संध्याकाळी सात वाजता बाबांशी फोनवर गप्पा मारायचं मागून घेतलं. तेवढा अर्धा तास मी गच्चीवर असते.

रात्री ठरवूनच वाटा

दिवसाचं कसंही निभावतं, रात्रीचं नाही. बाबा रात्रीतून तीन-चारदा लघवीला उठतात. महिनोन्‌महिने तुटक झोप झाली की माणूस बदलतो. एकदा त्यांच्या हातून अंथरुणावर पाणी सांडलं आणि मी त्यांच्यावर ओरडले. ते "चुकलं गं" म्हणाले. मुलीला. मला तो शब्द अजून झोपू देत नाही. दुसऱ्या दिवशी मी धाकट्याला फोन केला आणि पहिल्यांदा मोघम बोलले नाही. म्हटलं, "शुक्रवार आणि शनिवारची रात्र तुझी. दर आठवड्याला. मी त्या रात्री दुसऱ्या घरी झोपेन." तो लगेच हो म्हणाला.

"मला मदत हवी आहे" याला समोरचा "हो, सांग ना" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. वार, वेळ आणि काम सांगितलं की त्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. नाही म्हणाला तरी चालेल, निदान आपल्याला दुसरी सोय बघता येते. आणि ज्या रात्री सुट्टी, त्या रात्री खरोखर घराबाहेर जा. घरात राहिलं की कान त्या खोलीकडेच असतात.

दादासाठी हाच नियम वर्षाच्या हिशेबात लावला आहे. वर्षातून चार वेळा, प्रत्येकी आठ दिवस, तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेल्या. तो आला की मी निघते.

हात कसा द्यायचा, हे समोर उभं राहून शिकवा

खातं दिलं आणि शिकवलं नाही, तर तो माणूस चुकतो आणि मग "राहू दे, मीच करते" सुरू होतं. माझंही तसंच व्हायचं. म्हणून एक आख्खा रविवार फिजिओथेरपिस्टना घरी बोलावून आम्ही तिघं आणि मदतनीस दादा एकत्र शिकलो.

खुर्चीतून उठवताना काखेत हात घालून किंवा मनगट धरून ओढायचं नाही, खांदा दुखावतो. आधी बाबांना खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकायला सांगायचं. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे. मग पुढे वाकायला लावायचं, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या वर यावं. एक, दोन, तीन मोजायचं आणि तीनला त्यांनी स्वतः उठायचं, आपला हात फक्त कमरेशी. वाकणं पुरेसं झालं की ते आश्चर्य वाटावं इतके हलके उठतात. आपणही गुडघ्यात वाकायचं, कमरेतून नाही. धाकट्याची पाठ पहिल्याच महिन्यात धरली होती.

झोपेतून उठवताना पाय खाली सोडून दोन मिनिटं बसू द्यायचं, मगच उभं करायचं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० नं उतरला, तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं असतं. पार्किन्सन्समध्ये हे बरेचदा होतं आणि पुष्कळदा पडण्याचं कारण तेच असतं. जेवताना सरळ बसवायचं, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. जेवताना वारंवार ठसका लागतोय का, हे जेवू घालणाऱ्यानं वहीत लिहायचं. जे अंथरुणाला खिळलेले आहेत त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड आणि टाचा रोज बघा. बोटानं दाबूनही लाली फिकी होत नसेल तर जखम सुरू होते आहे असं समजा.

आणि पाय चिकटणं. बाबा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी आले की त्यांची पावलं जमिनीला खिळतात. वरचं अंग पुढे, पाय तिथेच. अशा वेळी ओढलं की माणूस तोंडावर पडतो. आम्ही थांबतो, एक श्वास घेतो, वजन एका पायावरून दुसऱ्यावर झुलवतो. त्या दारापाशी जमिनीवर लाल टेपची आडवी पट्टी लावली आहे. "बाबा, पट्टी ओलांडा" म्हटलं की तोच अडलेला पाय उचलला जातो, अगदी ऐटीत. समोर ओलांडायला काहीतरी दिसलं की मेंदू दुसऱ्या वाटेनं चालणं सुरू करतो, असं आम्हाला समजावून सांगितलं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा दादाच्या डोळ्यांत पाणी आलं.

पैसे आणि टोमणे

पैशाचं पहिल्याच बैठकीत, आकड्यांत बोला. आमचं एक वेगळं खातं आहे, बँकेतलं. प्रत्येकजण मिळकतीच्या प्रमाणात महिन्याच्या सुरुवातीला त्यात रक्कम टाकतो, बाबांचं निवृत्तिवेतनही त्यातच. खर्च तिथूनच होतो आणि त्याच दिवशी गटावर लिहिला जातो. मी नोकरी अर्धवेळ केली, तेव्हा माझा वाटा कमी झाला. हे दादानं स्वतः सुचवलं आणि मला त्याचं फार बरं वाटलं. एक मात्र मी ठामपणे सांगितलं: पैसे जास्त दिले म्हणून ते आठ दिवस माफ होणार नाहीत. पैशानं मदतनीस मिळतो. रात्री दोन वाजता बाबा ज्याचं नाव घेऊन हाक मारतात तो मिळत नाही.

दुरून येणाऱ्यानं पहिल्या दिवशी सल्ला द्यायचा नाही, हाही आमचा नियम आहे. दादा एकदा आला आणि दारातच म्हणाला, "किती वाळलेत बाबा! लक्ष आहे ना तुझं?" मी आत जाऊन रडले. नंतर वही पुढे ठेवली. दर पंधरा दिवसांचं वजन त्यात होतं, डॉक्टरांशी त्यावर झालेलं बोलणंही होतं. या आजारात वजन उतरणं नेहमीचं आहे. दादानं माफी मागितली आणि तेव्हा ठरलं की दोन रात्री स्वतः काढल्याशिवाय सूचना करायची नाही. त्यानंतर त्यानं केलेल्या सूचना मला खरंच उपयोगी पडल्या, कारण रोजच्या सवयीनं मला दिसेनासं झालेलं त्याला दिसत होतं. बाबांचा डावा कान बंद झालाय हे त्यानंच ओळखलं. नुसता मळ होता.

मदतनीसाशी एकानंच बोलायचं. आमच्याकडे धाकटा बोलतो. तिघांनी तीन सूचना दिल्या की तो बिचारा घाबरतो आणि सोडून जातो. त्यांची साप्ताहिक सुट्टी ठरलेली हवी. ते अचानक आजारी पडले तर कोण येणार, हेही आधीच ठरवून ठेवा.

दर तीन महिन्यांनी त्या दोन याद्या आम्ही पुन्हा भरतो. तब्येत बदलते, तशी खातीही बदलतात. मागच्या वेळी हातानं जेवण्यापुढे "आधार लागतो" असं लिहावं लागलं, तेव्हा बाबांनीच पेन मागितलं आणि आपल्या बारीक झालेल्या अक्षरात पुढे जोडलं, "चमचा जड मिळाला तर नाही." जड दांड्याचा चमचा त्याच आठवड्यात आला.

शुक्रवारी संध्याकाळी धाकटा येतो तेव्हा दहा मिनिटं आम्ही उभ्या उभ्या बोलतो: शेवटची गोळी कधी दिली, पोट साफ झालं का, आज कुठे तोल गेला, मूड कसा आहे, उद्या कुणी येणार आहे का. एवढंच. मग मी पिशवी उचलते. लाल पट्टी दोन महिन्यांत झिजते, तिचे कोपरे सुटले की उलट तिच्यातच पाय अडकायचा. ते खातं धाकट्याच्या बारा वर्षांच्या मुलाकडे आहे. तो आल्या आल्या गुडघ्यांवर बसून नखानं कोपरे तपासतो, आणि आजोबांना ओलांडून दाखवायला सांगतो.